भिंतीकडून येणारा आवाज

९ मार्च, सोमवार

आज पुन्हा तेच. बाबांनी विचारलं, "सांग. कुठून?"

भाऊजी त्यांची गाडी सोडून गेलेत. घाट चढायच्या आधी सगळं तपासून द्या म्हणाले. ताईला नववा लागलाय. बाळ आडवं आहे. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, इथे धोका नको, घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात आधीच जाऊन राहा. म्हणजे पुढच्या शनिवारी ताई याच गाडीत बसणार. वळणावर वळण, मध्ये ना वस्ती ना फोनला रेंज.

आवाज शोधायची बाबांची पद्धत ठरलेली आहे. गॅरेजमागे कारखान्याची उंच भिंत आहे, तिच्या कडेने गल्ली जाते. काचा खाली करायच्या आणि गाडी चालण्याच्या वेगाने न्यायची. उघड्यावर जो आवाज विरून जातो तो भिंत परत पाठवते. बाबा चालवतात, मी शेजारी. बोलायचं नाही. गल्लीच्या टोकाला भिंत डावीकडे वळते, तिच्याबरोबर आपणही वळायचं आणि थांबायचं. मग बाबा माझ्याकडे बघतात. रस्त्याकडे नाही, चाकाकडे नाही. माझ्या तोंडाकडे! "सांग."

मी जे सांगतो ते बरोबर की चूक, हे मात्र कधीच सांगत नाहीत. नुसतं "हं" म्हणतात. शाळेत निदान लाल फुली तरी मिळायची. इथे रोज परीक्षा आणि निकाल कधीच नाही.

आज टोकाला वळताना ऐकू आलं. टक-टक-टक-टक. बारीक. चाक वळलेलं असेपर्यंतच, सरळ झालं की बंद.

"वळताना टकटक होते," मी म्हणालो.

"कुठून?"

"डावीकडून." आणि लगेच जोडलं, "बहुतेक."

"हं."

बहुतेक कशाला म्हणालो! त्यांनी तर आधीच ओळखलं असणार.

१० मार्च, मंगळवार

बाबांनी डाव्या बाजूचा शाफ्ट काढला.

लिहून ठेवलं की माझ्या डोक्यात बसतं, म्हणून लिहितो. इंजिनाची ताकद चाकाला नेणारा दांडा म्हणजे शाफ्ट. चाक वळलं तरी दांडा फिरत राहावा म्हणून त्याच्या टोकाला सांधा असतो. सांध्यात छर्रे, छर्ऱ्यांना धरून ठेवणारं कडं, भोवती ग्रीस आणि वरून घड्याघड्यांचा रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत. खाचा झिजतात. मग वळताना छर्रे खाचेत उड्या मारतात. तीच टकटक.

बाबांनी जुना सांधा धुतला, फडक्याने पुसला आणि हातात धरून फिरवत बसले. डोळे मिटून. नखाने खाचा चाचपल्या. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग नवा सांधा बसवला.

नवा बसवला म्हणजे त्यांनाही डावीकडूनच ऐकू आला. म्हणजे माझं उत्तर बरोबर!

दिवसभर मी हवेत होतो. शेडच्या कोपऱ्यात वेल्डरचं बस्तान आहे, तो मला शंकासुर म्हणतो. गॅस बंद केला का हे बघायला मी दोनदा परत जातो म्हणून. म्हणाला, "काय शंकासुर, आज तोंडावर उजेड? शंका मेली की काय?"

संध्याकाळी भाऊजी ताईला घेऊन आले. बाबांनी सगळ्यांना गाडीत घातलं आणि गल्लीत नेलं. टोकाला वळलो.

टक-टक-टक-टक.

तीच. तशीच. नवा सांधा घालून!

बाबा माझ्याकडे वळले. "आता?"

मागून भाऊजी बघत होते. ताई पोटावर हात ठेवून बघत होती. बाबांचे डोळे माझ्या तोंडावर. आणि मी म्हणालो, "नाही. आता नाही... बहुतेक."

"झालं तर मग!" भाऊजी म्हणाले. "बाबांचा हात लागला की काळजीच मिटली."

बाबा माझ्याकडे बघतच होते. मग म्हणाले, "हं."

११ मार्च, बुधवार

खोटं बोललो. तेही आवाजाबद्दल.

सकाळपासून एकच विचार डोकं पोखरतोय. मला ऐकू आला तर बाबांनाही आला असणार. त्यांनी गाड्यांच्या आवाजात आयुष्य काढलंय. मग ते गप्प का बसले? बाबा सदोष गाडी बाहेर जाऊ देत नाहीत. ताईसाठी तर नाहीच नाही. म्हणजे आवाज नव्हता. म्हणजे तो माझ्या डोक्यात आहे.

जेवताना ताट वाजलं तरी टकटक. जिना उतरताना टकटक. मी वेडा होतोय का?

१२ मार्च, गुरुवार

ठरवून गेलो होतो सांगायला. बाबा बाकावर पाठमोरे बसून कार्ब्युरेटर साफ करत होते. मशीन बंद, शेड शांत. "बाबा." उत्तर नाही. पुन्हा, "बाबा!" नुसती मान खाली. इतका राग? म्हणजे माझं खोटं त्यांना कळलंय.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले तिचे. म्हणाली, "तुला कितीदा सांगितलं, समोर उभं राहून बोलावं. पाठीमागून हाका मारलेल्या त्यांना चालत नाहीत."

"पण इतका राग..."

"राग नाही रे. समोर जात जा."

परत गेलो, समोर उभा राहिलो. बाबांनी वर पाहिलं, अगदी शांतपणे. "काय रे?"

"काही नाही," मी म्हणालो. माझ्यासारखा शूर मीच!

१३ मार्च, शुक्रवार

काढलेला जुना सांधा फळीवर पडलाय. आज कुणी नसताना हातात घेतला. दांडा धरून हलवला, वाकवून फिरवला, बोट आत घालून खाचा पाहिल्या. घट्ट. गुळगुळीत. कुठे खड्डा नाही, झोल नाही. हा सांधा अजून कित्येक वर्षं चालला असता.

मग बाबांनी तो बदलला कशासाठी?

त्यांच्या बोटांना कळलं नाही असं होणारच नाही. डोळे मिटून चाचपत होते तेव्हाच कळलं असणार. तरी बदलला.

वेल्डरला विचारलं, चांगला सांधा कुणी बदलतं का? त्याने काळा चष्मा कपाळावर चढवला. "तू सांगितलंस ना डावा? मग? मालक तुझ्या शब्दाशिवाय एक नट हलवत नाहीत." आणि हसत सुटला. चेष्टा करायलाही काही वेळ असते. मला रडू येत होतं.

मागे एक गाडी ओढून आणली होती ती आठवते. सांधा चढणीवरच तुटला होता. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि चाकं ढिम्म. मालक सांगत होता, गाडी मागे घसरायला लागली तेव्हा तोंडचं पाणी पळालं. त्याच्या मागे दगडांचा ढीग होता म्हणून वाचला. घाटात ताईच्या मागे काय असेल?

१४ मार्च, शनिवार

बरोबर एक आठवडा राहिला.

१५ मार्च, रविवार

आज जे केलं ते लिहायलाच हवं.

भाऊजींकडे गेलो, म्हणालो चाकांत हवा भरून आणतो. त्यांनी किल्ली दिली. ताई म्हणाली, "मीही येते, चार भिंतींत जीव आंबलाय." नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. एका अर्थी बरंच वाटलं. दुसरे कान मिळतील!

रविवारी बाजाराचं मैदान मोकळं असतं. भोवती भिंत नाही, झाड नाही. हातगाड्या एका कडेला झाकून ठेवलेल्या. मी काचा खाली केल्या, स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं आणि हळूहळू गोल घ्यायला लागलो.

"हे काय चाललंय?" ताई.

"ऐक. काही ऐकू येतं?"

"तुझं डोकं फिरल्याचं ऐकू येतंय."

"ताई, नीट ऐक ना. टक-टक-टक."

तिने मान तिरकी करून ऐकलं. खरंच प्रयत्न केला तिने. "टायर खडी चिरडतोय तेवढंच."

दोन गोल झाले, तीन झाले. जरा दाबून वेग दिला की टकटक वाढत होती. मग स्टेअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत. गोल, गोल. गप्प! डावीकडे घेतलं की टकटक, उजवीकडे घेतलं की गप्प. आणि या वेळी भिंत नव्हती, म्हणून दिशा स्वच्छ कळत होती. उजवीकडून. डावीकडून नाहीच.

मग लख्ख कळलं. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून झिजलेला उजवा सांधा तेव्हाच वाजतो. आणि गल्लीत आपण वळतो डावीकडेच, भिंतीला धरून. भिंत डावीकडे. उजव्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून डावीकडून परत येतो. एरवीचे आवाज सरळ जाताना येतात, चाक उचलून फिरवलं की खात्री करता येते. हा वळतानाच येणारा, म्हणून भिंतीने मला फसवलं.

पण बाबांना कसं फसवलं? ती भिंत त्यांची, पद्धत त्यांची.

"थांबव," ताई म्हणाली. तोंड पांढरं पडलं होतं. "मला फक्त मळमळ ऐकू येतेय आता."

दार उघडून उलटी झाली तिला. मी पाणी दिलं, पाठ चोळली. ती म्हणाली, "लहानपणी माझ्या शाळेच्या बॅगेला कुलूप लावायचास, आठवतं? वह्या पडतील म्हणून. किल्ली स्वतःच हरवलीस. मी आख्खा दिवस वह्यांशिवाय." हसली. मग म्हणाली, "इतका नको रे घाबरू माझ्यासाठी."

घरी पोचलो तेव्हा भाऊजी दारातच.

१६ मार्च, सोमवार

भाऊजींचे शब्द: "नववा महिना आहे तिचा! गोल गोल फिरवलंस? भोवरा आहे का ती?"

मी म्हणालो, उजवा सांधा गेलाय, निदान घाटात दुसरी गाडी घ्या.

"परवा डावा म्हणालास. मग नाही म्हणालास. आज उजवा. उद्या काय, छप्पर?" मग जरा आवाज खाली आणून, आणि हे जास्त लागलं, "गाडीवर बाबांचा हात फिरलाय. तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं की नाही? यापुढे गाडीला हात लावायचा नाही."

त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

आईने जेवायला बोलावलं. ताट वाढून दिलं. मी ते तसंच झाकून ठेवलं.

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं बाबांना. समोर उभं राहून.

ते हात धूत होते. मी म्हणालो, "बाबा, उजवा असावा. डावा नव्हता. मी चुकीचं सांगितलं."

ते साबण हातात धरून थांबले. माझ्या तोंडाकडे बघत. "नक्की?"

बास. हा एक शब्द आला की मी संपलो. नववीत गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आलं होतं. खोडलं, दुसरं लिहिलं, ते खोडून पुन्हा पहिलं, मग तेही खोडलं. तपासणाऱ्याने लिहिलं होतं, "नक्की कोणते?" तिथेच माझी शाळा सुटली म्हणायला हरकत नाही. शुद्धलेखन तेवढं मला जमायचं. तिथे शब्द एकदा पाठ केला की बदलत नाही. आवाज बदलतो. भिंत बदलवते. भीती बदलवते.

"बहुतेक," मी म्हणालो.

बाबा म्हणाले, "बहुतेकवर चाक काढत नाहीत." हात पुसले. जाता जाता म्हणाले, "मागच्या वेळीही बहुतेकच म्हणाला होतास."

एवढं टोचून ते कधी बोलले नव्हते. पण तेव्हा तर काढलं होतं ना चाक! मग आता का नाही? काय हवंय त्यांना माझ्याकडून?

खरं म्हणजे ते टोचूनही बोलले नाहीत. कंटाळून नाही, रागावून नाही. विनवल्यासारखं बोलले. पण मी हे मनानेच लावतोय. बाबा कुणाला विनवत नाहीत. मला तर नाहीच.

१८ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शनिवारची वाट बघू नका. उद्या सकाळीच निघा.

उद्या!

त्याच दिवशी, संध्याकाळ

सगळं ओळीने लिहितो. जसं झालं तसं.

दुपारी भाऊजी कामावर होते. ताई पिशव्या भरत होती. मी दारात उभा राहिलो. तिने बघितलं, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "घे. पण मला बसवू नकोस त्यात."

गाडी अंगणातच होती. चालवली नाही, फक्त सुरू करून स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. मग बंद करून खाली झोपलो, उजव्या चाकाच्या आत डोकं घातलं. सरळ चाक असताना बुटाच्या घड्या मिटलेल्या असतात. चाक वळलं की बाहेरच्या बाजूने त्या उघडतात. गॅरेजमध्ये आम्ही बघतो ते सरळ चाक! आणि भाऊजींनी गाडी द्यायच्या आधी धुऊन आणली होती, खालूनसुद्धा. काही डाग असते तर तेव्हाच गेले.

बोट घडीत घातलं. एक घडी. दुसरी. तिसऱ्या घडीत बोट आत गेलं.

फाटलेला! ओठासारखी चीर. आतून ग्रीस आलं ते काळं, पाणचट, आणि बोटांत चोळलं तर कचकच. रेती. दांडा धरून हलवला. आत काहीतरी खडखडलं. मोकळं झालेलं.

मी तिथे पडल्या पडल्याच रडलो. भीतीने नाही. आवाज खरा होता! माझ्या डोक्यात नव्हता. माझे कान खरे होते. मग मात्र भीती वाटली, कारण उद्या सकाळी...

पळत गॅरेजला गेलो. बाबा एका गिऱ्हाईकाशी बोलत होते. मी मध्ये घुसलो, आयुष्यात पहिल्यांदा. बाबांच्या अगदी समोर उभा राहिलो, काळी बोटं त्यांच्या तोंडापुढे धरली.

"उजवा," मी म्हणालो. "नक्की."

आता विचारतील, कसं कळलं, कुठे पाहिलं, मागच्या वेळी का चुकलास. मी सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. बाबांनी काही विचारलं नाही. बोटांकडे धड पाहिलंही नाही. तोंडाकडेच बघितलं. म्हणाले, "गाडी घेऊन ये."

एवढंच? एवढंच म्हणायचं होतं इतके दिवस?

भाऊजी कामावरून तसेच आले. बाबांना म्हणाले, "अहो बाबा, याचं काय ऐकता? पोरगं घाबरट आहे, सकाळी निघायचंय आम्हाला..."

"निघाल," बाबा म्हणाले. "तिकडे बस जरा."

वेल्डरने स्वतःचं काम टाकून जॅक लावला. "चला शंकासुर, आज तुमचं राज्य." चाक निघालं, शाफ्ट निघाला. बूट कापला तसं आतलं काळं पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. सांधा धुतला. छर्ऱ्यांना डाग पडलेले. खाचांत खड्डे. आणि छर्रे धरून ठेवणारं कडं एका जागी तडकलेलं. तुटलेलं नाही, तडकलेलं. एखाद्या चांगल्या चढणीवर सुटलं असतं.

बाबांनी सांधा उचलला आणि भाऊजींच्या तळहातावर ठेवला. भाऊजींनी हलवला. खडखड खडखड. ते बघतच राहिले. मग उठले, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. परत आले. मी पाना शोधत होतो, त्यांनी एक उचलून हातात दिला. चुकीच्या मापाचा होता. तरी घेतला.

नवा सांधा बसवून गल्लीकडे निघालो. मी म्हणालो, "बाबा, आधी मैदानात जाऊ. भिंत फसवते."

वाटलं, आता मात्र भडकतील. त्यांची भिंत! त्यांनी गाडी सरळ मैदानाकडे घेतली.

डावीकडे गोल. उजवीकडे गोल.

"सांग."

"काही नाही. नक्की."

"हं," म्हणाले बाबा. आणि लांब श्वास सोडला. त्यांनी तो किती वेळ धरला होता कुणास ठाऊक.

१९ मार्च, गुरुवार

उजाडताच निघाले. ताईने काच खाली करून माझा कान ओढला. "कान जपून ठेव," म्हणाली. गाडी डावीकडे वळून रस्त्याला लागली. मी ऐकत राहिलो. टायर आणि इंजिन. बाकी काही नाही.

मग फोन समोर ठेवून बसलो. घाटात रेंज नाही हे माहीत आहे. तरी दर थोड्या वेळाने उचलून बघत होतो. नट घट्ट केला होता ना? केला होता. बाबांनी पुन्हा पाहिला होता. मी तिसऱ्यांदा पाहिला होता. बुटाची पट्टी? आवळली होती. पोचायची वेळ झाली. उलटून गेली. आई देवघरात... नाही, स्वयंपाकघरात नुसतीच उभी होती. कढई रिकामीच तापत होती.

मग फोन आला. पोचले! ताईला दाखल करून घेतलं. भाऊजी म्हणाले, "गाडी लोण्यासारखी चढली." थांबले. "तुझ्या बाबांना सांग. आणि तुलाही सांगतोय."

२० मार्च, शुक्रवार

उद्या की परवा ऑपरेशन, ते ठरलेलं नाही. बाळ अजून आडवंच.

बाबा पाठमोरे बसले होते. मागून म्हणालो, "बाबा, ताईचा फोन होता." ओ नाही. आता कशाचा राग? आता तर मी बरोबर होतो!

२२ मार्च, रविवार

मुलगी! ताई शुद्धीवर आहे, बोलली. दोघी ठीक.

भाऊजींनी फोन बाळाजवळ धरला. काय रडत होती! पलीकडे आईलाही ऐकू जात होतं, तिने पदर तोंडाला लावला. बाबांनी फोन घेऊन कानाला लावला. हसले. "हं, हं," म्हणाले. मग फोन दुसऱ्या कानाला लावला. मग पुन्हा पहिल्या. हसू तसंच तोंडावर राहिलं, डोळ्यांतून गेलं.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. माझ्या तोंडाकडे बघत, गल्लीत बघतात तसंच, विचारलं, "सांग. कसा आहे आवाज?"

मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिला माहीत होतं. वेल्डरलाही.

परीक्षा नव्हती ती. एकदाही नव्हती.

मी बाबांच्या समोर उभा राहिलो, त्यांना ओठ दिसतील असा, आणि सगळं सांगितलं. मोठा आहे. जरा घोगरा. श्वास घ्यायला थांबते, मग पुन्हा सुरू करते. आता थांबली. आता ताई काहीतरी म्हणतेय. आता पुन्हा.

"नक्की?"

"नक्की, बाबा."